लमायच्या नावाचं पाणी

१

दर शनिवारी वरन्या बांग-चोमला जायची, आणि दर शनिवारी तिथे पाऊल ठेवण्याआधीच तिचं नाक मुरडलेलं असायचं. बँकॉकच्या धक्क्यावरून बोटीने नदीच्या वरच्या अंगाला जायचं, शेवटच्या थांब्याला उतरून पलीकडे नेणाऱ्या होडीत बसायचं, आणि मग खांबांवर टाकलेल्या फळ्यांच्या वाटेने घरापर्यंत चालायचं. बांग-चोमला गाव म्हणावं की उपनगर, हे तिथे राहणाऱ्यांनाही सांगता आलं नसतं. मागच्या अंगाला मोठा रस्ता आला होता, रस्त्याला उंच इमारती आल्या होत्या. पण नदीकडची माणसं अजून दारात उकिडवी बसून मासे साफ करत आणि खवले पाण्यात झटकत. वरन्याला त्यांचा तिटकारा होता. सुट्टीला शहरातून येऊन, "काय शांत आहे हो इथे," म्हणत त्याच खवल्यांचे फोटो काढणाऱ्यांचा तर त्याहून जास्त.

ती स्वतः याच फळ्यांवर वाढली होती, हे ती कुणाला सांगत नसे. तेव्हा तिचं नाव लमाय होतं. शहरात विमा कंपनीत नोकरी लागली, पण एक काम धड होईना, तेव्हा ती नावं बघून देणाऱ्या ज्योतिषाकडे गेली. त्याने जन्मवार पाहून 'वरन्या' हे नाव काढून दिलं आणि तिने ते सरकारदरबारी रीतसर बदलून घेतलं. त्यात नवल काही नव्हतं, तिच्या ऑफिसातल्या निम्म्या बायकांची नावं अशीच नशिबासाठी बदललेली होती. फरक एवढाच की त्या बायकांच्या घरी जुनी हाक चालायची. वरन्याला ती कानावर पडली तरी अंगावर पाल पडल्यासारखं व्हायचं.

तिची आई लामदुआन नदीकाठच्या त्या लाकडी घरात एकटीच राहायची. तिच्यासाठी वरन्याने चौदाव्या मजल्यावरच्या आपल्या फ्लॅटमध्ये खोली सजवून ठेवली होती. नवरा सोडून गेल्यापासून त्या फ्लॅटमध्ये दुसरं माणूस नव्हतं. आपल्याला आई हवी आहे हे कबूल करण्यापेक्षा, "पूर आला म्हणजे तुझं काय होईल," असं विचारणं तिला सोपं जायचं.

"बघू," आई म्हणायची.

त्या शनिवारी जिन्याच्या खालच्या पायरीवर आईच्या चपलांशेजारी आणखी एक जोड होता. निळ्या रबरी चपला, पाण्याने थबथबलेल्या. डावीचा पट्टा तुटला होता आणि सेफ्टी पिनेने अडकवला होता.

"कोण आलंय?" वर जाता जाता वरन्याने विचारलं.

"कोण येणार?" आई म्हणाली. "तू आलीस."

ओट्यावर दोन ताटल्या धुऊन पालथ्या घातलेल्या होत्या. वरन्या त्यांच्याकडे बघत राहिली. लहानपणी तीही पट्टा असाच पिनेने अडकवायची आणि त्यावरून आईचा ओरडा खायची. पण बांग-चोमची सगळी दळभद्री पोरं तेच करत असणार, असं म्हणून तिने तो विषय मनातून काढला. परत निघताना पायरीवर एकच जोड होता, आणि शेजारी पाण्याचं डबकं.

२

धक्क्याला लागून तिम मावशीचं कॉफीचं दुकान होतं. दुकान म्हणजे काय, चार स्टुलं, बर्फाची पेटी आणि मावशीचं तोंड. होडी यायला वेळ होता म्हणून वरन्या नाइलाजाने तिथे टेकली.

"काय गं, आज बरी ओळख दाखवलीस," मावशी म्हणाली. "काल हाक मारली तर मान खाली घालून सटकलीस."

"काल मी ऑफिसात होते, मावशी."

"हो तर. आणि इथे आईच्या लुंग्या कोण पिळत होतं? तुझा साहेब?"

स्टुलांवरच्या दोघीजणी खिदळल्या. मावशीने गाळणीतली कॉफी ग्लासात सोडली आणि डोळे बारीक करून वरन्याच्या डोक्याकडे पाहिलं.

"केस पुन्हा कापलेस होय? लांब बरे दिसत होते. पाठीवर ओले सोडले होतेस काल, तर मी या दोघींना म्हटलं, बघा, माणसात आली पोरगी."

वरन्याचे केस कित्येक वर्षं मानेच्या वर होते, आणि तांबूस रंगवलेले. म्हातारीला मोतीबिंदू झालाय, तिने मनात म्हटलं; त्यात दिवसभर रिकामटेकडी, मग दिसेल ते दिसेल.

"एक मात्र सांगते," मावशी ग्लास पुढे करत म्हणाली, "मी गावभर बोंबलत होते की लामदुआनची लेक शहरात गेली आणि आईला विसरली. शब्द मागे घेते बाई. रोज येतेस, पाणी भरतेस, म्हातारीला हाताला धरून देवळात नेतेस. मोठं पुण्य लागेल तुला."

त्या दोघींनीही माना डोलावल्या. वरन्याच्या तोंडात आलं होतं की मी आठवड्यातून एकदा येते आणि हंड्याला हात लावत नाही. पण या बायकांनी आयुष्यात पहिल्यांदा तिच्याबद्दल बरं काही म्हटलं होतं, आणि फुकट मिळालेलं पुण्य परत कोण करतं? ती नुसती हसली आणि कॉफीचा घोट घेतला. कॉफी कोमट पाण्यासारखी लागली. या लोकांना साधी कॉफीही करता येत नाही, असा शेरा मारून तिने ग्लास ठेवून दिला.

३

मग शहरातली कॉफीही तशीच लागायला लागली. ऑफिसखालच्या खाणावळीत ती एकदा भांडली, "मीठ काय तुमच्याकडे सणासुदीलाच घालतात?" म्हणून. खाणावळवालीने तिच्यासमोर रश्श्याचा चमचा चाखला आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे बघून खांदे उडवले. "नावडतीचं मीठ अळणी," मागून कुणीतरी पुटपुटलं. डॉक्टरने गोळ्या दिल्या. गोळ्यांनाही चव नव्हती, पण ती तशी नसतेच. वरन्याने सगळ्या बँकॉकच्या स्वयंपाक्यांना नावं ठेवली आणि वजन उतरतंय म्हणून थोडी खूशही झाली.

पाणी चढायचे दिवस जवळ आले तेव्हा तिने ठरवलं की आता 'बघू' पुरे. शुक्रवारीच जाऊन आईची बांधाबांध करायची आणि शनिवारी तिला घेऊनच निघायचं. ती गेली, आईच्या मच्छरदाणीत झोपली, आणि कोवळी उन्हं नदीवर पडली तेव्हा फळीवरच्या पावलांनी जागी झाली.

आई खाली घाटाच्या पायरीवर गुडघे टेकून बसली होती. समोर वाफाळता भात, खारवलेलं बदकाचं अंडं, तळलेला बांगडा. बांग-चोमला भिक्खू अजून होडीतून भिक्षेला येतात. एक तरुण भन्ते एकटेच वल्हवत येत होते. वरन्या जांभई देत आईच्या मागे जाऊन बसली. भन्तेंच्या चेहऱ्याकडे बघायचं नसतं, तेही दात्याकडे बघत नाहीत. नजर भिक्षापात्राच्या काठावर ठेवायची. आईने भात वाढला. भन्ते आशीर्वादाचं पठण करू लागले आणि आईने पितळी झारीतून वाटीत पाण्याची बारीक धार धरली. धार चालू असेपर्यंत आपल्या मेलेल्या माणसांची नावं घ्यायची. ज्याचं नाव घ्याल त्याला दान पोचतं, त्याचं पोट भरतं. एवढं तिथे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

आईने वरन्याच्या वडिलांचं नाव घेतलं. आजोबांचं, आजीचं, कॉलऱ्यात गेलेल्या मामाचं घेतलं.

"लमाय," आई म्हणाली, आणि झारी उपडी करून शेवटचे थेंब झटकले.

होडी वळणाआड गेली तशी वरन्या आईकडे वळली.

"आई, मेलेल्यांत माझं नाव का घेतलंस?"

"तुझं कुठे? तुझं नाव वरन्या."

"लमाय म्हणजे मीच ना?"

"तूच नाही म्हणालीस," आई सावकाश उठत म्हणाली. "तुझ्या नवऱ्याच्या माणसांसमोर मी लमाय म्हणून हाक मारली, तर मला स्वयंपाकघरात नेलंस आणि म्हणालीस, लमाय मेली असं समज. बरं म्हटलं. समजले." तिने वाटीतलं पाणी चाफ्याच्या मुळाशी ओतलं. "मेलेल्या माणसाला उपाशी कसं ठेवायचं?"

वरन्याला आधी हसू आलं आणि मग राग. अडाणीपणाला सीमा असते. रागात बोललेलं वाक्य कुणी असं पदराला गाठ मारून ठेवतं का?

"हे आजपासून बंद," ती म्हणाली.

"बंद केलं तर ती काय खाईल?" आईने विचारलं. घरातल्या मांजराबद्दल विचारावं तितक्या साधेपणाने.

४

आई चहासाठी साखर आणायला तिम मावशीकडे गेली आणि वरन्या मच्छरदाणी सोडवून सामान बांधायला लागली. मागच्या बाजूला तिची जुनी खोली होती. लग्न झाल्यापासून तिच्यात खोकी भरून ठेवली होती, दार फुगून घट्ट बसलं होतं. आज दार बोटाने ढकललं तरी उघडलं.

खोकी नव्हती. जमीन सारवल्यासारखी लख्ख पुसलेली. भिंतीशी चटई अंथरलेली होती. वरन्याने हात लावला तर ती दमट लागली, आणि कोमट. खिडकीच्या चौकटीवर कंगवा होता आणि कंगव्यात लांब काळे केस.

ती खोलीच्या मध्यावर उभी राहिली आणि नीट विचार केला. अशा वेळी तिला स्वतःच्या अकलेचा फार अभिमान वाटायचा. आईने कुणाला तरी घरात घेतलंय. रस्त्याच्या बांधकामावरची कुणी उपटसुंभ बाई असेल, म्हातारीच्या वेडाचा फायदा घेऊन मेलेली मुलगी होऊन बसली असेल. दोन ताटल्या, चपला, लुंग्या पिळणं, सगळं जुळलं. तिला इतकं हायसं वाटलं की त्या बाईला कसं हाकलायचं, कुठल्या शब्दांत, हेही तिने ठरवून टाकलं.

तेवढ्यात खालून कपडा आपटल्याचा आवाज आला. घराखाली, पाण्याला टेकलेल्या फळीवर, कुणीतरी धूत होतं आणि धुता धुता गुणगुणत होतं. सुराला शब्द नव्हते. वरन्याच्या हातातली मच्छरदाणी खाली पडली. तो सूर तिने स्वतःच लहानपणी जुळवला होता, होडीत बसून, कंटाळा घालवायला. आईशिवाय कुणी तो ऐकला नव्हता.

आईने शिकवला असेल, तिने स्वतःला सांगितलं. मग ती पालथी झोपली आणि फळ्यांमधल्या फटीला डोळा लावला.

खाली उकिडवी बसलेली बाई होती. वरून दिसत होती फक्त टाळू, दोन्हीकडे ओले केस आणि मधला भांग. भांग मागच्या बाजूला वाकडा जात होता, कारण तिथे खोकेचा पांढरा व्रण होता. होडीच्या काठावर डोकं आपटून पडलेली खोक. त्या दिवशी आईने हळद दाबून धरली होती आणि आईच रडत होती, हे वरन्याला आठवलं. तिचा हात आपोआप स्वतःच्या डोक्यावर गेला. तिने बोटांनी चाचपलं, मग नखांनी. कातडी गुळगुळीत होती. व्रण तिथे नव्हता.

गुणगुणणं थांबलं. खालचा हात कपड्यावर स्थिर झाला, आणि ते डोकं हळूहळू मागे कलायला लागलं, वर बघायला.

वरन्या कपाळ दिसण्याआधी उठली. जिन्याने धडपडत खाली पोचली तेव्हा फळीवर कुणी नव्हतं. पिळलेल्या लुंगीतून पाणी ठिबकत होतं. आई साखरेची पुडी घेऊन फळ्यांवरून येत होती.

"चल," वरन्या म्हणाली. तिचा आवाज तिलाच ओळखू येईना. "आत्ताच्या आत्ता चल. काही घेऊ नकोस."

"मी नाही येत गं. मी गेले तर ती एकटी पडेल."

"आणि मी? मी एकटी नाही?"

हे वाक्य तिने आजवर कुणासमोर म्हटलं नव्हतं.  आईने पुडी दुसऱ्या हातात घेतली आणि वरन्याच्या गालाला हात लावला.

"तुझं चांगलं चाललंय," ती समजुतीने म्हणाली. "तुला चौदावा मजला आहे. ती रोज माझ्यापाशी असते. तू नावसुद्धा ठेवलं नाहीस मी दिलेलं, मग मी तुला काय द्यायचं?"

वरन्याने गालावरचा हात झटकला. लहानपणापासून ती भांडण हरू लागली की तिच्या तोंडून एकच हत्यार बाहेर पडायचं.

"ठीक आहे. तुला ती लमायच हवी ना? मग वरन्या मेली असं समज."

आईने तिच्याकडे नीट पाहिलं.

"नक्की?" तिने विचारलं.

"नक्की," म्हणून वरन्या पाय आपटत धक्क्याकडे निघाली.

५

त्यानंतर काही शनिवार ती गेली नाही. येईल म्हातारी वळणावर, पाणी जिन्याला लागलं की स्वतःहून फोन करेल, असं ती म्हणत राहिली. फोन आला नाही. तिने केला तर वाजत राहायचा.

शहरातल्या माणसांचे संस्कार तर पार बुडाले होते. इमारतीचा पहारेकरी तिला बघून उठेनासा झाला. लिफ्टचं दार तिच्या तोंडावर बंद व्हायचं. ऑफिसात ती खुर्चीत बसलेली असताना शेजारची बाई खुर्चीच्या पाठीवर आपली पर्स अडकवून गेली. वरन्या सगळ्यांना मनातून शिव्या घालायची. भूक मात्र भयंकर लागायची. भात पुढ्यात घेतला की तोंडात कागद चावल्यासारखं व्हायचं आणि ताट तसंच राहायचं.

एका पहाटे ती आईच्या सजवलेल्या खोलीत जाऊन बसली आणि रडली. हट्ट संपला होता. आईला काय हवं ते करू दे, लमाय म्हणू दे, चारचौघांत म्हणू दे. आपण जायचं, पाया पडायचं, आणि तिने ठेवून घेतलं तर तिथेच राहायचं, त्या खवल्यांच्या वासात. ती पहिल्या बोटीने निघाली.

बोटीत तिकीटवाला तिच्यापुढून न थांबता गेला. एक जाडी बाई तिच्या जवळजवळ मांडीवरच बसली. वरन्या अंग चोरून उठली, तरी बाईने मागे वळून पाहिलं नाही. होडीतून उतरताना तिच्या लक्षात आलं की आपल्या चपला ओल्या झाल्यात. पाऊस नव्हता, होडीतही पाणी नव्हतं.

"मावशी," तिने तिमच्या दुकानापाशी हाक मारली.

तिम मावशीने वर पाहिलं, वरन्याच्या आरपार नदीकडे, आणि फडक्याने स्टूल पुसलं. "आज गार वारा सुटलाय," ती कुणाला तरी म्हणाली.

जिन्याच्या पायरीवर दोन जोड होते, आईचा आणि निळा. दोन्ही कोरडे ठणठणीत. निळ्याचा पट्टा आता नवा होता. वरन्याने आपल्या चपला शेजारी काढल्या आणि त्यांच्याखाली लगेच डबकं साचलं. तिने जिन्यावर पाय ठेवायचा प्रयत्न केला. पाय उचलला जाईना. मग तिला घाटावरून पठण ऐकू आलं.

उन्हात आई गुडघे टेकून बसली होती. तिच्या शेजारी, खांद्याला खांदा लावून, एक पाठ होती, पाठीवर लांब काळे केस. आईने झारी उचलली तशी त्या बाईने एक हात आईच्या कोपराला लावला. घरातलं माणूस असंच करतं, धार एकाने धरायची आणि बाकीच्यांनी कोपराला हात लावून वाटा घ्यायचा. वरन्याने कधी लावला नव्हता.

"आई," वरन्या म्हणाली.

आईची मान वळली नाही. होडीतल्या तरुण भन्तेंचं पठण मात्र एका शब्दावर अडलं. त्यांनी नजर वर केली, सरळ वरन्याकडे, आणि ताबडतोब पात्राच्या काठावर आणली. मग ते पुढचा शब्द जरा घाईने म्हणाले.

झारीतून धार पडू लागली. आईने नवऱ्याचं नाव घेतलं. सासऱ्याचं, सासूचं, भावाचं घेतलं. लमायचं नाव घेतलं नाही. वरन्याने श्वास सोडला. चुकलं ते सुधारलं, आई ऐकते आपलं.

"आणि माझी पोरगी," आई म्हणाली, आणि तिचा आवाज जरासा कापला. "वरन्या."

शेजारच्या बाईने आईच्या पाठीवरून हात फिरवला.

वरन्याच्या जिभेवर भात आला. गरम, मऊ, वाफेच्या वासाचा. मागोमाग खारट अंड्याचा बलक, तळलेल्या बांगड्याची कुरकुरीत कड, ठेच्याचा झणका. कित्येक महिन्यांत तिला कशाचीच चव लागली नव्हती, आणि आईच्या हातचं इतकं चांगलं असतं हे ती विसरूनही गेली होती.

"चल लमाय, आपलाही भात निवतोय," आई उठत म्हणाली.

वरन्याला ओरडायचं होतं. पण तोंडात घास होता, आणि भूक फार लागली होती.